नर्सिंग कॉलेजची परवानगी: आधी खाटा, मग वर्ग

बारावीचा निकाल लागला की नागपुरात नर्सिंगच्या प्रवेशाचे फलक दिसू लागतात. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून आईवडील मुलीला घेऊन येतात. त्यांच्या हाती जे माहितीपत्रक पडते, त्यावर एकाच ओळीत सगळे छापलेले असते: शासनमान्य, आयएनसी मान्य, एमएनसी मान्य, एमयूएचएस संलग्न. आयएनसी म्हणजे देशपातळीवरची भारतीय परिचर्या परिषद, एमएनसी म्हणजे राज्याची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आणि एमयूएचएस म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. वाचणाऱ्याला वाटते, एकाच मान्यतेवर चार जणांनी शिक्के मारले आहेत. तसे नसते. यातला प्रत्येक शिक्का वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो. एक आहे म्हणून दुसरा असेलच, असे धरून चालता येत नाही.

नर्सिंगची शाळा किंवा कॉलेज कोण काढू शकते, त्याला कोणाकोणाची परवानगी लागते आणि पुढे त्यावर लक्ष कोण ठेवते, हे या लेखात सांगायचे आहे. नियम पुष्कळ आहेत, परिपत्रके त्याहून जास्त. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत: शिकायला पुरेसे रुग्ण आहेत का, आणि रुग्णाजवळ उभे राहून शिकवणारे शिक्षक आहेत का. बाकीचे कागद या दोन गोष्टी खऱ्या आहेत हे तपासण्यासाठी असतात.

शाळा आणि कॉलेज यांतला फरक

आधी अभ्यासक्रम पाहू, कारण परवानगीची वाट त्यावरून ठरते. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा आणि जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा. हे पदविकेच्या पातळीचे अभ्यासक्रम असून ते चालवणाऱ्या संस्थेला नर्सिंग स्कूल म्हणतात. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. असते, आणि त्यापुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. हे सारे कॉलेजात शिकवले जाते.

फरक नुसता नावाचा नाही. कॉलेज विद्यापीठाशी जोडलेले असते. आपल्या राज्यात ते विद्यापीठ म्हणजे नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली स्थापन झालेले. स्कूलचा विद्यापीठाशी संबंध येत नाही. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षांसाठी राज्याचे नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ आहे, त्याचा कायदा २०१३ चा. त्यामुळे 'आमच्या जीएनएमला विद्यापीठाची संलग्नता आहे' असे कोणी काउंटरवर सांगत असेल, तर तिथेच थांबून पुन्हा विचारावे. बहुधा त्याच आवारातल्या बी.एस्सी. कॉलेजचा कागद पुढे केलेला असतो.

हे कायदे आले कुठून

नर्सिंगचे शिक्षण आपल्याकडे रुग्णालयांच्या पोटातच सुरू झाले. मिशनची रुग्णालये, सरकारी रुग्णालये आपल्या वॉर्डांसाठी मुली तयार करत. शिकणारी मुलगी हीच वॉर्डातली कामकरीही असे. प्रत्येक प्रांताची रीत निराळी होती. एका प्रांतात शिकलेली परिचारिका दुसरीकडे गेली की तिचे प्रमाणपत्र चालेलच याची खात्री नसे.

१९४६ साली, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. देशभरात प्रशिक्षित परिचारिका जेमतेम सात हजार आहेत, हे त्यातून समोर आले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचे पहिले पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषद कायदा झाला. आपण जिला आयएनसी म्हणतो ती ही परिषद. देशभरातल्या शिक्षणाची पातळी एकसारखी राहावी आणि एका राज्यातली पात्रता दुसऱ्या राज्यात मानली जावी, हा तिचा मूळ हेतू.

विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हा राज्याच्या निरनिराळ्या भागांत परिचारिकांचे निरनिराळे कायदे चालत होते. ते एकत्र करण्यासाठी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ आला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एमएनसी, आज या अधिनियमाखाली काम करते.

संस्था काढायची तर

कोणी एकटा माणूस आपल्या नावावर नर्सिंग कॉलेज काढू शकत नाही. सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था काढू शकते. खासगीत नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी, किंवा नफ्यासाठी नसलेली, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी हवी.

त्या संस्थेचे स्वतःचे रुग्णालय असावे लागते. कमीत कमी १०० खाटांचे. याला 'पेरेंट हॉस्पिटल' म्हणतात आणि आयएनसीच्या निकषांत याला फार महत्त्व आहे. एक रुग्णालय एकाच संस्थेचे पेरेंट होऊ शकते. आज एका कॉलेजसाठी दाखवले आणि उद्या दुसऱ्यासाठी, असे करता येत नाही; तसे हमीपत्रच द्यावे लागते. मालकी ट्रस्टच्या एखाद्या सदस्याची असेल तरीही ते रुग्णालय दीर्घकाळ याच कॉलेजसाठी राहील, असे लिहून द्यावे लागते.

खाटा कोणत्याही चालत नाहीत. बी.एस्सी.साठी ४० जागा असतील तर मेडिसिनच्या ३०, सर्जरीच्या ३०, स्त्रीरोग व प्रसूतीच्या ३०, बालरोगाच्या २० आणि अस्थिरोगाच्या १० अशी वाटणी निकषांत दिलेली आहे. म्हणजे १०० खाटांचे रुग्णालय फक्त डोळ्यांचे किंवा फक्त हाडांचे असेल तर त्यावर नर्सिंग कॉलेज चालत नाही. मुलीला बाळंतीण सांभाळता आली पाहिजे, ऑपरेशनहून आलेला रुग्ण सांभाळता आला पाहिजे आणि तापाने फणफणलेले मूलही.

वर्गखोल्या, ग्रंथालय, वसतिगृह यांचे निकष आहेत, प्रयोगशाळांचेही आहेत: नर्सिंग फाउंडेशन, पोषण, माता व बालक, सामुदायिक आरोग्य, संगणक. पैसा असला की या गोष्टी वर्षभरात उभ्या होतात. रुग्ण तसे उभे करता येत नाहीत.

एक साधा हिशेब

हा हिशेब प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक घराने कागदावर मांडून पाहावा असे मला मनापासून वाटते.

समजा कॉलेजला दरवर्षी ६० जागा आहेत. चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी झाले. नियम सांगतो की वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत. २४० पैकी निम्मे जण सकाळी वॉर्डात आहेत असे धरले तर ते झाले १२०. त्यांना ३६० रुग्ण हवेत. खाटा कधीच शंभर टक्के भरलेल्या नसतात. ७५ टक्के भरलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. मग ३६० रुग्णांसाठी ४८० खाटा लागल्या. काही विद्यार्थी गावात कम्युनिटी पोस्टिंगला असतील, काही दुपारच्या पाळीला, म्हणून आकडा थोडा खाली आणा. तरी १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय एकटे पुरत नाही, हे दिसतेच.

म्हणून 'अॅफिलिएटेड हॉस्पिटल' ही सोय आहे. जवळच्या मोठ्या रुग्णालयाशी करार करून विद्यार्थ्यांना तिथे पाठवायचे. अंतर १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावे लागते, नाहीतर मुलींचा दिवस बसमध्येच जायचा. नागपूर या बाबतीत भाग्यवान आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले 'मेडिकल', १९४७ पासून आहे. मेयो रुग्णालय त्याहून कितीतरी जुने. बाळंतपणांसाठी डागा स्मृती स्त्री रुग्णालय आहे. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालये चारच आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यामुळे विदर्भातल्या कितीतरी संस्थांच्या मुली मानसिक आरोग्याचा अनुभव घ्यायला इथेच येतात.

पण जमेची ही बाजूच अडचणीचीही होते. मोठ्या रुग्णालयाची एक खाट किती कॉलेजांच्या कागदांवर मोजली गेली आहे, हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. प्रत्येक कॉलेजचा करार आपल्या जागी खरा असतो. मात्र एकाच प्रसूती कक्षात तीन वेगवेगळ्या गणवेशांतल्या मुली एकाच वेळी उभ्या राहिल्या, की एखादीच्या हाताला काम लागते आणि बाकीच्या बघत राहतात. बघून बाळंतपण करता येत नाही. शासकीय रुग्णालये बाहेरच्या संस्थांकडून शुल्क घेऊन विद्यार्थ्यांना परवानगी देतात, त्यात गैर काही नाही. परवानगी देताना आधीपासून किती जणी येतात हे मोजणे तेवढे महत्त्वाचे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये देशभर १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजे मंजूर केली, १,५७० कोटी रुपयांची योजना, तीही २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच. त्यामागे हाच हिशेब होता. जिथे खाटा आधीच आहेत, तिथे कॉलेज न्यायचे. मला हे धोरण योग्य वाटते.

शिक्षक

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असा निकष आहे. वरच्या २४० जणांना २४ शिक्षक लागले: प्राचार्य, उपप्राचार्य, प्राध्यापक, सहयोगी, सहायक आणि ट्यूटर मिळून. प्राचार्यांकडे एम.एस्सी. नर्सिंग आणि अध्यापनाचा दीर्घ अनुभव लागतो. शिक्षकांचा पगार हा कॉलेजचा न थांबणारा खर्च, आणि कात्री लागते ती बहुतेक इथेच. ट्यूटर वॉर्डात सोबत गेली नाही, तर मुलीला शिकवायचे कोणी? वॉर्डातल्या सिस्टर आधीच कामाने वाकलेल्या असतात. त्या दाखवतात, मनापासून दाखवतात, पण ते त्यांचे नेमलेले काम नाही.

चार दारे, चार प्रश्न

रुग्णालय आणि ट्रस्ट तयार झाला की परवानगीचा प्रवास सुरू होतो.

पहिले दार राज्य शासनाचे. वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग. इथला प्रश्न असा: या भागात आणखी एका कॉलेजची गरज आहे का? कोणत्या जिल्ह्यात किती कॉलेजे हवीत याचा बृहत् आराखडा आरोग्य विज्ञान विद्यापीठ करते. नव्या कॉलेजचा अर्ज त्यात बसावा लागतो. शासनाचा होकार नसेल तर पुढचे काही होत नाही.

दुसरे आयएनसीचे. अभ्यासक्रम, शिक्षक, खाटा, प्रयोगशाळा यांचे राष्ट्रीय निकष हीच परिषद ठरवते, आणि संस्था त्यांत बसते का हे पाहते. संस्थेला मान्यता देण्याचा अधिकार आयएनसीला कितपत आहे यावरून न्यायालयांत वाद झाले आहेत. १९४७ चा कायदा मुख्यतः पात्रतेला मान्यता देण्याबद्दल बोलतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मुद्दा व्यवहाराचा आहे. आयएनसीच्या निकषांत न बसलेल्या संस्थेतून शिकलेल्या मुलीला दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना अडचण येऊ शकते. एजंटच्या सांगण्यावरून विदर्भातून परराज्यात शिकायला जाणाऱ्यांनी हे आधी तपासावे. परत येऊन महाराष्ट्रात नोंदणी करायची आहे, हे तिकडच्या कॉलेजला माहीत नसते, तुम्हाला असते.

तिसरे दार एमएनसीचे. राज्यातल्या संस्थांची तपासणी ती करते, आणि शिकून झाल्यावर परिचारिकेची नोंदणीही तीच करते. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. पदवी हातात आली म्हणून कोणी परिचारिका होत नाही. एमएनसीच्या नोंदवहीत नाव चढले की होते. ही नोंदणी जन्मभराची नसते, ठरावीक मुदतीने नवी करावी लागते, आणि त्यासाठी नोकरीत असतानाही प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात.

चौथे दार परीक्षा घेणाऱ्याचे: पदवीसाठी विद्यापीठ, पदविकेसाठी मंडळ. विद्यापीठाची संलग्नता एकदा मिळाली की कायमची, असे समजू नये. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती (इंग्रजी आद्याक्षरांनी एलआयसी) कॉलेजात येऊन पाहणी करते. 'एलआयसी येणार आहे' हे वाक्य उच्चारले की कोणत्याही कॉलेजात धावपळ कशी उडते, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

प्रवेशाचे आणि फीचे पुन्हा वेगळे. पदवीचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात आणि खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. ठरलेल्या फीव्यतिरिक्त कोणी 'विकास निधी' मागत असेल तर आधी पावती मागावी.

तपासणी कागदाची की वॉर्डाची

इथे नियमनाची खरी कसोटी लागते. तपासणीला आलेली समिती एका दिवसात काय पाहते? इमारत दिसते, प्रयोगशाळा दिसते, फाइली दिसतात. शिक्षक त्या दिवशी हजर असतात. रुग्णालयात त्या दिवशी खाटा भरलेल्या असतात. उरलेल्या वर्षात काय असते ते फाइलीत येत नाही.

हे टोकाला गेले की काय होते, ते आपल्या शेजारीच घडले. नागपूरहून तास-दीड तासात आपण मध्य प्रदेशात पोचतो. तिथे नर्सिंग कॉलेजे कागदावरच चालल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने सीबीआयला कॉलेजांची तपासणी करायला सांगितले, आणि २०२४ मध्ये त्याच तपासणीतले अधिकारी अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडले गेले. मधल्या काळात हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या. ज्या मुलींनी फी भरली, वर्षे घातली, त्यांचा यात काय दोष होता? नियमन ढिले पडले की किंमत विद्यार्थी मोजतो, आणि त्याच्यानंतर रुग्ण.

म्हणून तपासणीची पद्धत बदलणे मला नव्या इमारतींपेक्षा अधिक गरजेचे वाटते. न सांगता सकाळी सातला वॉर्डात जावे. ड्युटी रोस्टर आणि हजेरी जुळवावी. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारावे, बाई, आतापर्यंत किती बाळंतपणांना तू स्वतः हात लावलास? तिच्या प्रात्यक्षिक नोंदवहीवर सह्या आहेत, पण त्या तारखांना त्या रुग्णालयात तेवढी बाळंतपणे झाली होती का, हे रुग्णालयाच्या रजिस्टरवरून कळते. यातले काहीच अवघड नाही.

नवा कायदा काय म्हणतो

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायदा केला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. परिषदेऐवजी आयोग, आणि त्याच्या हाताखाली तीन मंडळे अशी त्याची रचना आहे: एक शिक्षणाचे, एक संस्थांचे मूल्यांकन व मानांकन करणारे, एक नोंदणी आणि आचारसंहिता पाहणारे. राज्यांतही आयोग असावेत अशी तरतूद आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मधले मंडळ महत्त्वाचे. नवी संस्था काढायची, जागा वाढवायच्या किंवा नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायचा तर या मंडळाची पूर्वपरवानगी लागेल, मंडळाने सहा महिन्यांत निर्णय द्यायचा आहे, आणि नकार आला तर राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागता येईल. नियम मोडणाऱ्या संस्थेला दंड करणे, तिच्या जागा कमी करणे, प्रवेश थांबवणे हे अधिकारही त्यात आहेत. यात मला आशेची जागा दिसते ती मानांकनात. आजवर संस्था 'मान्य' किंवा 'अमान्य' एवढेच कळत असे. चांगली किती, हे कळत नव्हते. मानांकन प्रामाणिकपणे झाले आणि लोकांसमोर आले, तर गोंदियाहून आलेल्या बापाला दोन कॉलेजांत तुलना करता येईल.

प्रवेश घेण्याआधी

संकेतस्थळावर जाऊन यादी पाहणे हे पहिले काम. आयएनसी, एमएनसी आणि विद्यापीठ, तिघांच्याही याद्या असतात. नाव आहे का एवढेच पाहू नका. अभ्यासक्रम कोणता, जागा किती आणि वर्ष कोणते हे पाहा. मागच्या वर्षीचे पत्र काचेच्या चौकटीत लावलेले असेल, तर या वर्षीचे दाखवा म्हणा.

मग कॉलेजात न जाता आधी रुग्णालयात जा. कॉलेजचे स्वतःचे रुग्णालय कुठे आहे ते विचारा आणि सकाळी तिथे जाऊन उभे राहा. ओपीडीत गर्दी आहे का, वॉर्डात रुग्ण आहेत का, विद्यार्थिनी दिसतात का आणि त्यांच्यासोबत ट्यूटर आहे का. वसतिगृहापासून पोस्टिंगच्या ठिकाणापर्यंत कॉलेजची बस जाते का, तेही विचारा. रात्रपाळी असेल तर हा प्रश्न सर्वात आधी. शेवटच्या वर्षाच्या मुलींशी दोन मिनिटे बोला. फी किती, हे त्यांना विचारू नका, ते प्राधिकरणाच्या आदेशात मिळेल. पोस्टिंग कुठे कुठे झाली, किती दिवस झाली, हे विचारा.

बी.एस्सी.च्या नियमांत एक अट आहे, ती घरच्यांना सहसा माहीत नसते. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातली हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. मधे आजारपणात दिवस बुडाले तर ते भरून द्यावे लागतात. कॉलेजकडे पुरेशी रुग्णालये नसतील तर हे दिवस एक तर उशिराने भरतात, नाहीतर कागदावर भरतात. कॉलेज यातले काय करते, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारले की कळते.

आणि शिकत असताना त्रुटी दिसल्या तर तक्रार लेखी करावी, एकटीने न करता वर्गाच्या सह्यांनी करावी. पदवीच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे, पदविकेच्या विद्यार्थ्यांनी मंडळाकडे, आणि दोघांनीही एक प्रत एमएनसीला पाठवावी. विद्यापीठाचे विभागीय केंद्र नागपुरातच आहे, त्यासाठी नाशिकला जावे लागत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि ती जपून ठेवावी.